कडीचा डाग

हळू बोला भाऊ. नाही, मला ऐकू येतं चांगलं, कानाचं काही नाही — शेजारी ऐकू जातं म्हणून म्हटलं. इकडे आत या, गादीवर बसा, काचेसमोर नका बसू, रस्त्यावरून दिसतं. हां. आता परत सांगा. नाणं मोबाईलवर बघून मागवलं, पार्सल घरी आलं, उघडून बघितलं आणि मनात किडा शिरला की हे खोटं तर नाही ना — असंच ना? आणि तेवढ्यासाठी नाशिकहून इथं तळोद्याला? नाशिकात काय चांदीवाले उरले नाहीत? नाही, चेष्टा नाही करत, खरंच विचारते. — काय? पार्सल इथूनच आलं? इथल्या पोस्टातून? तसं दिसतं मोबाईलवर? … दिसत असेल. आता सगळंच दिसतं मोबाईलवर. पण म्हणून काय, तळोदा काही एवढंसं राहिलं नाही आता, चांदीवाले पुष्कळ आहेत, वरच्या पाड्यांतून माणसं येतात, होळी आली तोंडावर, बाजारात पाय ठेवायला जागा नाही — कुणी टाकलं असेल पोस्टात, कोण जाणे. पाणी घेता? मी घेते. तोंड सुकलंय माझं. ऊन फार लागायला लागलं यंदा, नाही?

माझा मुलगा नंदुरबारला गेलाय, येईलच एवढ्यात. गिऱ्हाईक तोच बघतो. मी नुसती बसते — डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना माझं, मोतीबिंदूचं, थंडीत झालं. त्याला आवडत नाही मी गिऱ्हाइकाशी बोललेलं. काळजी करतो. म्हणून म्हणते, नाणं दाखवायचं तर आत्ताच दाखवा आणि तो यायच्या आत — नाही, घाई नाही हो, कसली घाई. पण दाखवा. असं चिमटीत नका धरू, सपाट बाजूला बोट लावायचं नाही, कडेला धरायचं, दोन बोटांत, लहान पोराचे गाल धरतो तसं. हां. द्या इकडं.

आधी डोळे मिटून बघायचं. हसलात ना? पण खोटं नाणं डोळ्याला फसवायलाच केलेलं असतं भाऊ, म्हणून डोळ्याकडं सगळ्यात शेवटी जायचं. आमचे हे — बाहेर पाटीवर नाव आहे ना, झुंबरलाल, ते आमचे हे, गेले आता — ते म्हणायचे, रुपया म्हणजे तोळा. राणीछाप असो, राजाछाप असो, अस्सल रुपया म्हणजे वजनाला एक तोळा. हातावर घेतला की हाताला कळतं. ओतीव खोटं नाणं हलकं तरी लागतं नाहीतर फुगीर तरी लागतं. मग बोटाच्या टोकावर असं तोलायचं आणि दुसऱ्या नाण्यानं हळूच टिचकी द्यायची — ऐका. ऐकलंत? लांबवर गेला आवाज. शिसं-जस्त मिसळलेलं असतं तर 'टक्' करून जागीच बसला असता. मग कड. मोबाईलवर विकणारे नाण्याची कड कधी दाखवत नाहीत बघा, राजाचं तोंड दाखवतात, साल दाखवतात, चकचकीत कागदावर सर्टिफिकेट दाखवतात, त्यावर ते सोनेरी स्टिकर — तुम्हालाही आलंय ना तसलंच? त्या स्टिकरला काही अर्थ नाही, रीळच्या रीळ मिळतात त्याची, वरच्या खोलीत पडलीयेत — म्हणजे कुणाच्याही वरच्या खोलीत पडलेली असू शकतात, असं म्हणते मी. खरी ओळख कडेला. साच्यात ओतलेलं असलं की कडेच्या मधोमध बारीक शिवण राहते, दोन अर्धुकं जोडल्यासारखी. आणि कडेच्या उभ्या रेघा पुसट होतात, झिजलेल्या फणीसारख्या. याच्या बघा कशा उभ्या आहेत. एक-एक मोजून घ्या.

आणि आता साल. एकोणचाळीस. आई गं … नाही, काही नाही. एकोणचाळीसचं म्हणून मागवलंत होय तुम्ही? मग शंका यायलाच पाहिजे. त्या सालचे राजाछाप रुपये म्हणजे औषधाला मिळत नाहीत, म्हणून तर लोक अडतिसाचा रुपया घेतात आणि इंग्रजी आठाच्या खालच्या गोळ्याची एक बाजू कोरून काढतात — झाला नऊ. भिंगाखाली धरलं की कळतं, कोरलेल्या जागी जमीन खोल जाते आणि वेगळीच चमकते. थांबा, भिंग … भिंग इथं नाही. मोठं भिंग नेलं त्यानं, म्हणाला तुला कशाला लागतं. पण माझ्याकडे एक लहान आहे, गादीखाली. हे बघा. ह्यांचंच आहे, काच थोडी तडकलीय. नऊ … नऊ बघू … जमीन सपाट आहे. कोरलेलं नाही काही. टाकसाळीतून निघाला तेव्हापासून नऊच आहे हा.

खरं आहे भाऊ. तुमचं नाणं खरं आहे.

बघा, तुमचा चेहरा कसा उजळला. लहानपणापासून जमवता का? ही एकच जागा रिकामी होती? … असेल, असेल. माणसाचा जीव असतोच कशात ना कशात. मग आता घ्या गुंडाळून आणि निघा. नाशिकची गाडी — काय म्हणता? कडेला वरच्या बाजूला काहीतरी आहे? नाही, ते काही नाही. झिजलंय. जुनं नाणं आहे, झिजायचंच. अहो पण मी सांगते ना — तुम्ही त्याच्यावरूनच खोटं समजलात होय? तिथल्या रेघा वेगळ्या दिसतात म्हणून? नजर चांगली आहे तुमची. ते खोटं नाही, ते … तिथं डाग दिलेला होता. डाग म्हणजे आमच्या धंद्यातला, चांदीला चांदी जोडायची तो डाग. नाण्याला वर कडी जोडतात, कडीतून दोरा ओवतात, त्याचा हार होतो. वरच्या डोंगरातल्या बाया घालतात, होळीला, लग्नाला. तसल्या एखाद्या हारातलं असेल हे, कडी काढली, कानशीनं घासलं, मग रेघा पुन्हा पाडल्या — पण रेघा काय अशा पाडतात? तिरक्या गेल्यात सगळ्या. किती वेळा सांगितलं असेल ह्यांनी, कानस एकाच दिशेनं फिरव अभिनंदन, एकाच दिशेनं —

काय? कोण अभिनंदन? कोणी नाही. कुठं काय म्हटलं मी. नाव आलं तोंडात. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात येतात नावं. तुम्ही असं बघू नका हो माझ्याकडे, मला भीती वाटते असं कुणी बघितलं की. … बाहेर मोटरसायकल थांबली का? बघा ना जरा वाकून, पण डोकं बाहेर काढू नका. नाही? दूधवाला? बरं. बरं.

माझा मुलगा आहे तो. अभिनंदन. झालं. आता बोललेच तर पूर्ण ऐका, अर्धवट ऐकून पोलिसात जाऊ नका, पाया पडते तुमच्या. तुम्ही जे दुकान शोधायला आलात ना भाऊ, त्याच दुकानात बसलात. बसा — बसा, उठू नका! तुमचं काही वाईट झालेलं नाही. तुम्हाला खरं नाणं मिळालंय. खोटी दुसऱ्याला मिळालीयेत.

हे नाणं फुलीबाईचं आहे. मला कसं माहीत? अंगठा फिरवा इथं, राजाच्या कानामागं. लागलं? खोक आहे बारीक. फुलीबाईची आई कुडाला लावलेल्या विळ्यावर पडली होती तरुणपणी, पातं छातीवर आलं ते या रुपयावर अडलं. म्हणून हा रुपया ती हाराच्या बरोब्बर मधोमध घालायची. आणि डाग मुकुटाच्या अगदी मधोमध आहे ना? बाकीचे चांदीवाले जरा बाजूला देतात, सोपं पडतं. ह्यांना तसं चालायचं नाही, राजाची मान वाकडी दिसते म्हणायचे. ह्यांच्या हातची कडी होती ती. हार मी ओवलेला. आधी फुलीबाईच्या आईचा म्हणून ओवला, मग फुलीबाईच्या लग्नात नवा दोरा घालून पुन्हा ओवला. ती वरच्या पाड्यावरून जीपनं उतरते, पाण्याचा तांब्या मागते आणि तिथं पायरीवर बसते — गादीवर ये म्हटलं तरी येत नाही. मला शेठाणी म्हणते. मला मुलगी नाही भाऊ, पण असती तर —  राहू द्या ते.

दिवाळीनंतर ती हार ठेवून गेली. चार-दोन कड्या झिजल्या होत्या, म्हणाली, "शेठाणी, होळीले लागनार शे, तवलोंग करी ठेव." मी म्हटलं, करते होळीपर्यंत. आणि मग माझं ऑपरेशन ठरलं. डोळ्यावर हिरवं फडकं, मान खाली घालायची नाही, बारीक काम करायचं नाही. अभिनंदन म्हणाला, मम्मी, तू आराम कर, हार मी करून ठेवतो. मला किती बरं वाटलं होतं सांगू! हे गेल्यावर त्याचं मन दुकानात लागेना, मोबाईलवर काय काय करायचा, आणि आता स्वतःहून भट्टीपाशी बसतोय म्हटल्यावर — मी आमच्या जैन स्थानकात जाऊन आले खास, महाराजसाहेबांना सांगून आले की पोरगा हाताशी आला.

फडकं निघालं. जग कसं धुतल्यासारखं दिसायला लागलं, तुम्हाला काय सांगू, भिंतीवरची मुंगी दिसायला लागली. दुकानात आले, हार खुंटीला होता. झळझळीत. मी हातात घेतला आणि माझ्या हातानं मला सांगितलं, गवराबाई, हे हलकं आहे. डोळे नवे होते पण हात तर जुनेच ना. मी एकेक रुपया उलटून बघितला. कडेला शिवण. याला शिवण, त्याला शिवण. राजाची मिशी नाही तिथं मिशीसारखा फुगवटा आलेला, अक्षरं फुगलेली, वर चांदीचं पाणी दिलेलं. मधे मधे दोन-तीन खरे ठेवलेले, सहज बघणाऱ्याला खपावं म्हणून. आणि मधला, खोकवाला — तो नव्हताच. त्याच्या जागी नवाकोरा राजा, कानामागं गुळगुळीत.

तुम्ही म्हणाल मी तेव्हाच आरडाओरडा का नाही केला. मी केला ना! आरडाओरडा नाही, पण विचारलं. अभिनंदन, हे रे काय? तो घाबरला नाही भाऊ. मला वाटलं घाबरेल, रडेल, पाय धरेल, मग मी दोन मुस्काटात मारीन आणि आपण ते निस्तरू. तो हसला. इतकं शांत हसला. म्हणाला, "मम्मी, तुला अजून नीट दिसत नाही. नव्या डोळ्यांना सगळं वेगळं दिसतं, डॉक्टर म्हणालेत." मी म्हटलं, हाताला लागतंय रे. म्हणाला, "हाताला काय दिसतं?" आणि हार माझ्या हातातून काढून घेतला. ओढला नाही. असा एक-एक बोट सोडवून काढून घेतला, लहान मुलाच्या हातातून सुरी काढतात तसा. त्या दिवसापासून मला त्याची भीती वाटते. पोटच्या पोराची. शब्द किती घाण वाटतो ना ऐकायला? मी कुणापुढं उच्चारला नव्हता आजपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ड्रॉवरला कुलूप लागलं. माझा मोबाईल बिघडला म्हणाला, दुरुस्तीला दिला, तो अजून येतोच आहे. शेजारचा शेठ मला बघून हळू आवाजात बोलायला लागला — "काकी, बरं वाटतंय ना आता?" मला काय धाड भरली होती? मग स्थानकात बायका सरकून जागा देऊ लागल्या, पाठीवर हात ठेवू लागल्या. एक जण म्हणाली, अभिनंदन सांगत होता, ऑपरेशनपासून तुम्हाला भास होतात म्हणून. आता बोला! मी महाराजसाहेबांना सांगणार होते, तिथं माझ्या आधी त्यानं सांगून ठेवलेलं. मी हार खोटा म्हणाले असते तर सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं असतं, बस्स. खोट्या नाण्याचं कसं असतं, निदान भिंग धरून दाखवता येतं. आपलं डोकं खरं आहे हे कशाखाली धरून दाखवायचं?

आणि ती गोळी. जेवण झालं की स्वतःच्या हातानं देतो, डोळ्याची म्हणतो, पाणी पिईपर्यंत समोर उभा राहतो. घेतली की दुपारभर मी मेल्यासारखी पडते. सून म्हणाली होती मला, प्रियल — हळूच, पोळ्या लाटता लाटता — "मम्मीजी, डॉक्टरांनी फक्त थेंब दिलेत. गोळी नाही दिली." चार दिवसांनी प्रियल माहेरी गेली, पोरीला घेऊन, ती आली नाही. निघताना पाया पडायला वाकली तेव्हा म्हणाली, तुम्ही पण चला. मी हसण्यावारी नेलं. दुकान टाकून कुठं जाऊ? … आता मी गोळी गालात धरते आणि तो वळला की पदरात थुंकते. हे बघा, गाठ. ही सगळी. जपून ठेवलीत, कुणाला दाखवायची तर दाखवता येतील म्हणून. कुणाला दाखवायची तेच कळत नाही.

एकटा असता तर मी त्याला वळवला असता. पण त्याच्यामागं एक सुरतचा माणूस आहे. पांढरी गाडी घेऊन येतो, चहा देऊ केला तर घेत नाही, गादीवर बसत नाही, उभ्यानं बोलतो. ती खोटी नाणी तोच आणतो पिशवीतून, बोरं आणावीत तशी. अभिनंदनचं काम हारातली खरी उतरवायची, त्यातली जुन्या सालाची, दुर्मिळ शोधायची, फोटो काढायचे, मोबाईलवर टाकायची. आणि ओतीव असतात तीही टाकतात, त्याच फोटोवर. एकच फोटो खऱ्याचा आणि पार्सलं पन्नास. तुम्ही नशीबवान, तुम्हाला फोटोतलंच आलं. का आलं सांगू? ते घाईत आहेत. फुलीबाईचा रुपया ओळखू येतो, तो त्यांना घरात ठेवायचा नव्हता. मी ऐकलंय, जिन्यात उभी राहून ऐकलंय. त्या माणसानं मला बघितलं तिथं. काही बोलला नाही मला. अभिनंदनला म्हणाला, "आंटी को आराम की ज़रूरत है, गांव भेज दो." गाव म्हणजे राजस्थान. तिथं कोण आहे माझं? पडकी खोली आणि दूरचा दीर. अभिनंदननं तिकीट काढलंय भाऊ. होळी झाली की मला पोहोचवून येणार आहे. शेजाऱ्यांनी केवढं कौतुक केलं त्याचं — आईला हवापालट करायला नेतो म्हणून.

तुम्ही घाम पुसताय. घाबरलात? मीही रोज अशीच पुसते. पंखा वाढवू? नको, आवाज होतो, मोटरसायकल आलेली कळायची नाही.

नाही, फुलीबाईच्या माणसांना मी भीत नाही. म्हणजे भिते. ते आले तर चाळीस जण येतील आणि बरोबरच आहे त्यांचं. पण त्याहून भीती वेगळीच आहे, सांगू का? की कुणीच येणार नाही. फुलीबाई आज येणार, हार घेणार, झळझळीत बघून खूश होणार, मला म्हणणार "शेठाणी, किती छान करं वं तू" — आणि गळ्यात घालून होळीत नाचेल. आणि मला म्हणावं लागेल, हो गं, मीच केलं. मग पावसाळ्यात कधीतरी ते काळं पडेल, हिरवं पडेल, तिला वाटेल आपल्याच अंगाचा घाम वाईट. तिच्या मनात माझ्याबद्दल वाईट येणारच नाही. मी तोपर्यंत राजस्थानात गोळी खाऊन पडलेली असेन. हे मला सहन होत नाही हो. मार सहन होईल.

आज तिचाच दिवस आहे. बाजाराचा. अभिनंदनला ठाऊक आहे, तो म्हणाला हार मीच देईन तिच्या हातात, तू वर जाऊन झोप. म्हणून तर नंदुरबारहून घाईनं यायचाय तो. आणि हार … इकडे बघा. माझ्या पाठीमागं, लोडाच्या खोळीत. सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा त्याच्या पँटमधून किल्ली काढली, ड्रॉवर उघडला, किल्ली परत ठेवली. माझ्या आयुष्यात मी किल्ली चोरली नव्हती कुणाची. तेव्हापासून इथून हलले नाहीये, हलले तर खणखणेल. काय करायचं होतं मला हाराचं? तेही ठरवलं नव्हतं. काय दाखवणार होते मी तिला? शिवण दाखवली असती, तिला काय कळणार शिवण? तो आला असता, म्हणाला असता मम्मीला भास होतात, आणि ती बिचारी माझ्याच डोक्यावरून हात फिरवून गेली असती.

आणि तुम्ही आलात. हा रुपया घेऊन. भाऊ, मी तुम्हाला खोटं म्हणू शकले असते. खोटं आहे, द्या इथंच टाकून, म्हटलं असतं तर तुम्ही दिलं असतं मला. आलं होतं मनात, लपवत नाही. पण खऱ्या नाण्याला खोटं म्हणायला जीभ उचलली नाही, अस्सल चांदीच्या दुकानात जन्म गेला. आता तुम्ही मोकळे आहात. तुमचं नाणं आहे, पैसे मोजून घेतलंय, कुणी काढून घेऊ शकत नाही. उठा आणि जा, कोपऱ्यावरून रिक्षा मिळेल. … जात नाही? मग बसा. बसलात तर एक करा. ती आली की तुमच्या हातानं तिच्या हातात द्या ते. माझ्या हातानं नको, माझ्या हाताचं कुणी खरं मानत नाही. तुम्ही परके. तुमचं —

थांबा. जीप. हा जीपचाच आवाज. बघा ना, लाल लुगडं, हातात पिशवी? उंच आहे? … आली. आलीच ती. तुम्ही उठू नका हं. काही झालं तरी.

ये वं फुलीबाई, ये. पायरीवर नको बसू आज, वर ये, गादीवर. हो, गादीवरच, मी सांगस ना. पाणी पी. पोरं बरी शेत ना? … हार? देस ना, देस. पहिले ह्या भाऊना जवळ काय शे ते देख. नाशिकथून येल शेत. द्या भाऊ. द्या तिच्या हातात.

हाऊ रुपया वळखस का तू?

… बघा भाऊ. बघा अंगठा कुठं गेला तिचा. मी काही सांगितलं का तिला? तुम्ही साक्षी आहात, मी एक शब्द सांगितलेला नाही. कानामागंच गेला ना? हो, माय, हो. तुन्ही मायनाच शे. तोच शे. नको, रडू नको, अशी माझ्याकडं बघत रडू नको, मला नाही बघवत. हाऊ तुन्हा हार. घे. एक-एक रुपया हातमा घे आणि तूच देख, तोल, वाजाडी देख. मला विचारू नको काय झालं ते. म्हणजे — विचार. सांगते. मी सांगते तुला, सगळं सांग—

मोटरसायकल.

भाऊ, बसून राहा. माझ्याकडे बघा आणि बसून राहा.

आलास? ये. नाही, आत नको. तिथंच उंबऱ्याबाहेर थांब, अभिनंदन. मोबाईल खिशात ठेव, सुरतला मग लाव. हे नाशिकचे आहेत, यांना तू पार्सल पाठवलं होतंस. खरं पाठवलं होतंस, म्हणून आले. हसू नकोस तसा. मला भास होत नाहीयेत, हार तिच्या हातात आहे, बघ, ती तोलतेय. तिच्या आईचा रुपया तिच्या मुठीत आहे. मी थरथरतेय, हो, दिसतंय मला, तुलाही दिसू दे. पण वर जाणार नाही मी झोपायला.

फुलीबाई, तो उभा शे. तुले जे इचारनं व्हई ते त्याले इचार. मी आते बोलनार नही.